फौजदारसाहेबांच्या शेजारचं पाळणाघर

दलालाने स्वयंपाकघर दाखवलं, बाल्कनी दाखवली, नळ सोडून पाणी दाखवलं, पाणी नव्हतं तिथे नुसता नळ दाखवला, आणि मग जिन्यात येऊन घसा खाकरला. मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. त्यामुळे घसा खाकरण्याचे सगळे प्रकार मला ओळखता येतात. हा 'सांगायचं नव्हतं, पण सांगावं लागतंय' या प्रकारातला होता.

"एक आहे," तो म्हणाला. "शेजारी फौजदार राहतात."

मी शेजारच्या दाराकडे पाहिलं. पितळी पाटी होती. ती इतकी लख्ख घासलेली होती की तिच्यात माझा चेहरा दिसला, आणि तो मला जरासा फरारी वाटला.

"आधीची दोन गिऱ्हाइकं घर पसंत करून बाहेर आली आणि ही पाटी वाचून इथूनच खाली उतरली. तुमचं तसं काही नाही ना?"

या प्रश्नाला सभ्य माणसाने काय उत्तर द्यावं, हे मला अजून कळलेलं नाही. चटकन 'नाही' म्हटलं तर संशय येतो आणि विचार करून म्हटलं तर खात्रीच पटते. मी म्हटलं, "आम्हाला घर पसंत आहे." माझा आवाज उगाचच चढला. शेजारच्या दारामागे कोणी ऐकत असेल तर त्यालाही कळावं, असा.

माझी बायको पाळणाघर चालवते. जुन्या घरमालकाला त्याची जागा परत हवी होती आणि तिला मोठा हॉल, भरपूर उजेड आणि आई-बापांच्या कामाच्या वाटेवरचं घर हवं होतं. या घरात हे सगळं होतं. आणि वर फौजदार. आमच्या कंपनीत इमारतीचा विमा उतरवताना आम्ही विचारतो, आग विझवायची सोय आहे का, पहारेकरी आहे का, जिन्यात दिवा आहे का. शेजारी फौजदार आहे का, असं विचारायची वेळच कधी येत नाही, इतकी ती चैनीची गोष्ट आहे.

"मुलं घाबरतील हो," बायको म्हणाली.

"अगं, आई-बाप खूश होतील," मी म्हणालो.

दोन्ही खरं झालं. आमच्या संसारात आम्ही दोघंही एकाच वेळी बरोबर ठरल्याचा हा एकमेव प्रसंग, आणि त्याचा आम्हाला काडीचा उपयोग झाला नाही.

पाटी मी स्वतः करून घेतली. वर मोठ्या अक्षरात 'मावशींचे पाळणाघर' आणि खाली लाल रंगात 'शेजारी पोलीस अधिकारी'. रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवून विचारलं, "वर 'सावधान' पण लिहू का?" मी त्याच्या अज्ञानाला हसलो. पुढे बरेच दिवस तो प्रश्न आठवला की माझं जेवणातलं लक्ष उडायचं.

पाटी झाली, तेवढ्यात कळलं की पाळणाघराला पोलिसांचं 'ना हरकत' लागतं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. ज्या कामासाठी लोक खेटे घालतात, ते आपण बाल्कनीतून करून घेणार! फौजदारसाहेब बाल्कनीत बनियनवर कुंड्यांना पाणी घालत होते. साहेब म्हणजे उंचीला दरवाजाएवढे, मिशी चेहऱ्याच्या मानाने एक माप मोठी, आणि आवाज असा की त्यांनी 'या, बसा' म्हटलं तरी आपल्याला अटक झाल्यासारखं वाटावं.

"झालंच समजा, विमासाहेब," ते म्हणाले. ते मला विमासाहेब म्हणत आणि मी त्यांना साहेब म्हणत असे, त्यामुळे जिन्यात आमची गाठ पडली की आधी कोणी पुढे जायचं यात बराच वेळ जायचा. "एकच अडचण आहे. तुमचं घर माझ्या हद्दीत येत नाही."

"अहो, तुम्ही शेजारी राहता!"

"माझंही घर माझ्या हद्दीत येत नाही. माझं ठाणं कालव्याच्या पलीकडे. इथं मी फक्त झोपतो."

मग मी कालव्याच्या अलीकडच्या ठाण्यात गेलो. तिथे एका गोल चेहऱ्याच्या हवालदाराने विचारलं, "तुम्हाला ओळखणारी एखादी जबाबदार व्यक्ती?"

"शेजारी फौजदार आहेत," मी खुर्चीत ताठ बसत म्हणालो.

"कुठल्या ठाण्याचे?"

मी सांगितलं.

"पलीकडचे होय! मी नाही बघितलं त्यांना कधी. आमच्या हिशेबी ते नुसते शेजारी झाले." तो जरा पुढे वाकला. "त्यांच्याबद्दल काही तक्रार आहे का? ती घेता येईल."

तक्रार नव्हती. शेवटी जबाबदार व्यक्ती म्हणून आमच्या इमारतीचे सेक्रेटरी उभे राहिले. हे निवृत्त हिशेबतपासनीस. आपण मला ओळखतो की नाही, हे ठरवायला त्यांनी बरेच दिवस घेतले, आणि त्या काळात ते जिन्यात माझ्याकडे अनोळखी नजरेने बघत, निर्णयावर परिणाम होऊ नये म्हणून.

पहिल्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात स्वागताला उभा राहिलो. पहिली आली भोंगा. ही सव्वातीन वर्षांची मुलगी. तिचं खरं नाव पाच अक्षरी आणि फार गोड आहे, पण ज्याने तिला एकदा रडताना ऐकलं आहे त्याला ते आठवत नाही. तिच्या आईने पाटी वाचली आणि तिचा चेहरा खुलला.

"अय्या, शेजारी पोलीस? फार बरं झालं बाई!" आणि लगेच खाली वाकून लेकीला म्हणाली, "बघितलंस? इथं पोलीसकाका राहतात. डबा संपवला नाहीस, दुपारी झोपली नाहीस, तर येऊन घेऊनच जातात."

आणि त्याच क्षणी शेजारचं दार उघडलं. फौजदारसाहेब पूर्ण गणवेशात, टोपीसकट, बुटांचा आवाज करत बाहेर आले आणि प्रेमाने म्हणाले, "काय बाळ?"

आधी काही क्षण शांतता. भोंगा श्वास भरून घेत होती. मग जे सुरू झालं त्याने तळमजल्यावरच्या सायकलीची घंटा वाजली असं सेक्रेटरी सांगतात, आणि ते अतिशयोक्ती करणारे गृहस्थ नाहीत. मागून येणारी मुलं अजून जिन्यातच होती. त्यांना साहेब दिसले नव्हते, काही माहीत नव्हतं. पण त्यांनी भोंगावर पूर्ण विश्वास टाकून रडायला सुरुवात केली. साहेब एक पाऊल मागे गेले. मग दुसरं. मग दार लागलं आणि आतून साखळी लावल्याचा आवाज आला. एका मुलीला घाबरून पोलीस अधिकारी घरात लपल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, पण तशी साक्ष द्यायला मी तयार नाही.

हे रोजचं झालं. दोष कोणाचा म्हणाल, तर आपल्या सगळ्यांचाच. आपल्याकडे मूल बोलायला लागायच्या आधी त्याची पोलिसाशी ओळख करून देतात. मलाही माझ्या आईने असंच वाढवलं. आजही जेवताना रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली की मी पानातलं मुकाट्याने संपवतो.

बायकोने सगळ्या आई-बापांना थांबवून सांगितलं, "हे बघा, उद्यापासून मुलांना पोलिसाची भीती घालायची नाही."

एक बाबा खरोखर गोंधळले. "मग जेवायला कसं घालायचं?"

"बागुलबुवा सांगा की."

"बागुलबुवा आता चालत नाही हो मावशी. आमच्या कार्ट्याने त्याचा फोटो दाखव म्हणून हट्ट धरला."

"मग इंजेक्शनवाला डॉक्टर सांगा."

"तो मीच आहे," बाबा म्हणाले. "मला घरात कोणी भीत नाही."

सल्ल्यांना तोटा नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, रडण्याला हरकत नाही, पण त्याची एक ठरावीक वेळ असावी. माझ्या मेहुण्याने फोनवरून दोन शब्दांत निकाल लावला, "मिशी काढायला लावा." त्याचं काय जातं! फौजदाराच्या दारावर टकटक करून 'साहेब, मिशी तेवढी काढता का' असं विचारणं, याला आमच्या कंपनीत जाणूनबुजून ओढवून घेतलेला धोका म्हणतात आणि त्याची भरपाई मिळत नाही. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मात्र शहाणा माणूस. तो म्हणाला, "ओळख करून दे. माणूस कळला की भीती जाते." मला हे पटलं. शहाण्या माणसांचे सल्ले मला नेहमीच पटतात आणि तिथेच माझं चुकतं.

रविवारी बाल्कनीत मी साहेबांपुढे विषय काढला. ते कुंडीतली माती उकरत राहिले.

"मुलांना माझ्यात काय दिसतं हो?" त्यांनी विचारलं.

"मिशी असेल," मी धीर करून म्हणालो. मेहुण्याचा सल्ला निम्मा तरी पोचवला.

"माझी मुलगी लहान होती ना, विमासाहेब, तेव्हा मी निघायचो तेव्हा ती झोपलेली असायची आणि यायचो तेव्हाही झोपलेली. आमची खरी ओळख झाली ती कॉलेजात गेल्यावर. आता ती परगावी नोकरीला, आणि तिची आई तिच्याबरोबर." त्यांनी माती थापटून बसवली. "पाळणाघर येणार कळलं तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, भिंतीपलीकडे जरा आवाज असेल."

"आवाज आहे," मी म्हणालो.

"आवाज आहे," तेही म्हणाले.

ठाण्यातून पुढची सुट्टी मिळाली त्या दिवशी ते साध्या कपड्यांत, हातात चॉकलेटचा डबा घेऊन आमच्याकडे आले आणि मुलांच्या एका बुटक्या खुर्चीवर बसले. खुर्ची दिसेनाशी झाली. मिशीवरून भोंगाने त्यांना ओळखलंच, पण ती मावशीचा पदर धरून, श्वास राखून बघत राहिली. सुरुवात खरंच बरी होती. पण साहेबांची आयुष्यभराची सवय अशी, की समोर माणूस आला की त्याच्याशी बोलायची त्यांना एकच पद्धत ठाऊक. त्यांनी पहिल्यांदा कारकुनाला जवळ घेतलं. कारकून म्हणजे दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीने लावून ठेवणारा एक गंभीर मुलगा.

"नाव?" साहेबांनी प्रेमाने विचारलं.

कारकुनाने सांगितलं.

"राहणार कुठे?"

त्याने हाताने दाखवलं.

"वडील काय करतात?"

"दाढी करतात."

"बरं. काल दुपारी कुठे होतास?"

कारकुनाचा चेहरा उतरला. "झोपलो होतो."

"कोणी बघितलं?"

हे त्यांच्या तोंडून केवळ सवयीने निघालं. पण कोपऱ्यातून आमचे जावईबापू पुढे आले. हा गुटगुटीत मुलगा बसल्या जागी हातात सगळं मिळावं अशा अपेक्षेने बसून असतो, म्हणून हे नाव. तो एका दमात म्हणाला, "हा नव्हता झोपला. मी पण नव्हतो झोपलो. आणि भोंगाने भाजी खिडकीतून टाकली."

पोलिसी कामाच्या दृष्टीने चौकशी अत्यंत यशस्वी झाली. गुन्हा उघडकीला आला, माफीचा साक्षीदार मिळाला आणि मुख्य आरोपीने भोंगा वाजवला. त्या गदारोळात साहेबांनी घाईघाईने कारकुनापुढे चॉकलेट धरलं. तो हुंदके देत म्हणाला, "अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही."

"शाब्बास!" साहेब म्हणाले. शाळाशाळांतून हे शिकवत हिंडणारे तेच होते. मग डबा मिटून ते उठले, आणि त्यांच्या मागे बुटकी खुर्चीही थोडी उठली.

त्या आठवड्यात भोंगाची आई संध्याकाळी जरा थांबली. "मावशी, राग तुमच्यावर नाही," ती म्हणाली. "पण ही आता झोपेतसुद्धा 'मी झोपलेय, मी झोपलेय' असं ओरडते. आम्ही सगळे मिळून बोललो. महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर मागच्या रस्त्याला एक नवीन पाळणाघर निघालंय."

"त्याच्या शेजारी कोण आहे?" मी विचारलं.

"दातांचा दवाखाना. पण तो चालेल."

सगळे जाणार, म्हणजे पाळणाघर बंद. बायको दुपारच्या छोट्या गाद्यांच्या घड्या घालत होती. एक घडी घालून झाली की ती उलगडायची आणि पुन्हा घालायची. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिच्या रागाला माझ्याकडे उत्तरं तयार असतात. या घड्यांना उत्तर नव्हतं. घर मी निवडलं होतं, पाटी मी लावली होती, आणि ज्या कामात तिने आपलं सगळं वय घातलं ते माझ्या शहाणपणामुळे बसत होतं.

मी लाल अक्षरांवर कागद चिकटवला आणि साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी आरोप ऐकावा तसं उभ्यानेच ऐकून घेतलं.

"वहिनींना सांगा," ते म्हणाले, "उद्यापासून मी त्यांच्या मुलांना दिसणार नाही."

"म्हणजे? घर सोडताय?"

"घर कशाला सोडू? लपून राहणारी माणसं पकडण्यात माझी नोकरी गेली. ते कसं राहतात, मला माहीत नाही होय?"

दुसऱ्या दिवसापासून साहेब मुलं यायच्या आत घराबाहेर पडू लागले. गणवेश ठाण्यातच उतरवून पिशवीत भरायचे. रात्रपाळीला जोडून दिवसपाळी झाली की झोपायला ते भरदुपारी घरी येत. तेव्हा पुढच्या जिन्याने न येता, कचऱ्याच्या बादल्या ठेवतात त्या मागच्या जिन्याने येत. बूट हातात, पायात नुसते मोजे. चोरपावलांनी चालणं म्हणतात ते मी पहिल्यांदा एका पोलीस अधिकाऱ्याचं पाहिलं. पण त्यांचा एक दोष होता. कुठलंही काम ते अर्धवट करत नसत. त्यांनी काळा चष्मा आणला. डोळ्यांपर्यंत ओढायची टोपी आणली. मिशी झाकायला, थंडी नसताना, मफलर आणला. पोपटांची नक्षी असलेला एक ढगळ शर्टही आणला. कोणाला दिसायचं नाही म्हणून निघालेला इतका ठळक माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पण उपाय लागू पडला! हळूहळू रडणं ओसरलं. भोंगासुद्धा सकाळी केवळ हजेरीपुरती रडायची. बायको एकदा गाणं गुणगुणताना ऐकू आली. मी लगेच फुशारून गेलो आणि ऑफिसात शेजारच्या टेबलाला चहा पाजला.

आता यात सेक्रेटरी कुठे येतात ते सांगतो. त्याच सुमारास एका रविवारी त्यांनी फौजदारसाहेबांना विनंती करून इमारतीतल्या रहिवाशांसाठी 'सतर्क कसे राहावे' यावर भाषण ठेवलं होतं. साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, "संशय आला की थांबू नका. भीड बाळगू नका. आधी ठाण्याला फोन करा. खात्री मागाहून आम्ही करू." सेक्रेटरींनी हिशेबतपासनिसाच्या निष्ठेने हे मनावर घेतलं आणि त्या दिवसापासून जेवण झालं की मागच्या खिडकीत बसायला सुरुवात केली.

महिना संपत आला होता. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी आलो होतो, कारण मागच्या दाराला काच होती आणि तिच्यावर साहेबांची सावली पडते, तिथे पडदा लाव, असा बायकोचा हुकूम होता. मुलं हॉलमध्ये ओळीने झोपली होती. मी दार उघडून, स्टुलावर चढून, हातात हातोडी आणि ओठांत खिळे धरून उभा होतो. बायको खालून स्टूल धरून होती. तेवढ्यात साहेब मागच्या जिन्याने वर आले. एका हातात बूट, दुसऱ्या हातात पिशवी. दोन पाळ्या ओळीने करून आले होते. टोपीखालून त्यांनी मला मानेनेच नमस्कार केला आणि स्वतःच्या मागच्या दाराकडे वळले.

"थांब तिथंच!"

जिन्यात तो गोल चेहऱ्याचा हवालदार उभा होता. त्याच्यामागे एक तरणा शिपाई, आणि त्याच्यामागे, बादलीचं झाकण ढालीसारखं धरून, सेक्रेटरी.

"हाच," सेक्रेटरी म्हणाले. "कालही आला होता."

"हळू बोला," साहेब मफलरमधून कुजबुजले. "मुलं झोपलीत."

"मुलं? कोणाची मुलं? घरात कोणकोण झोपतं याचा अभ्यास करून आलाय बघ हा!" हवालदाराने त्यांचा एक दंड धरला, शिपायाने दुसरा. "पिशवीत काय आहे?"

पिशवी उघडली. वर टोपी, खाली घडी घातलेला गणवेश.

"वर्दी! पोलिसाची वर्दी चोरलीस?"

"माझीच आहे."

"प्रत्येक तोतया हेच म्हणतो." मग हवालदाराची नजर स्टुलावर गेली. "तुम्ही विमावाले ना? या माणसाला ओळखता का?"

माझ्या ओठांत खिळे होते. मी म्हणालो, "अं अं! अं अं अं!"

"बघा, नाही म्हणतायत," सेक्रेटरी म्हणाले.

बायको स्टूल सोडून पुढे धावली आणि मी कसाबसा पडद्याला धरून तोल सावरला. पण ती काही बोलायच्या आत मागे पावलं वाजली. हवालदाराच्या ओरडण्याने मुलं उठली होती. हातात पांघरुणं धरून, डोळे चोळत, सगळी दारात येऊन उभी राहिली. सर्वांत पुढे भोंगा. समोर पूर्ण गणवेशातले दोन पोलीस. तिने श्वास भरून घेतला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मला मागच्या रस्त्यावरचा दातांचा दवाखाना स्पष्ट दिसला.

पण भोंगा वाजला नाही. तिने पोलिसांकडे बघितलं, मग त्यांनी धरलेल्या माणसाकडे बघितलं. भरलेला श्वास तसाच ठेवून तिने विचारलं, "याने काय केलं?"

हवालदारही शेवटी चार पोरांचा बाप असणार. लहान मूल समोर आल्यावर आपण सगळे करतो तेच त्याने केलं. आवाज मऊ करून म्हणाला, "काका शहाण्यासारखं वागत नाही ना, म्हणून नेतोय."

मुलांना सगळा उलगडा झाला. कारकुनाने साहेबांचे मोजे, चष्मा, पोपट नीट तपासले आणि निकाल दिला, "झोपायच्या वेळेला हा बाहेर फिरत होता."

"डबा पण खाल्ला नसेल," जावईबापू म्हणाले.

एवढ्यात साहेबांचा मफलर घसरला, चष्मा नाकाच्या टोकावर आला आणि मिशी उघडी पडली. सेक्रेटरींच्या हातातलं झाकण खाली पडलं. साहेबांनी सुटलेल्या हाताने खिशातलं ओळखपत्र काढून मुलांच्या डोक्यावरून हवालदारासमोर धरलं. हवालदाराने ते वाचलं. त्याचा चेहरा गोल होता तो लांबट झाला. टाचा जुळल्या, हात सलामाला वर निघाला. पण साहेबांनी डोळे असे वटारले की तो हात अर्ध्या वाटेतून वळला आणि त्याने स्वतःचा कान खाजवला.

कारण भोंगा पुढे आली होती. तिने मिशी नीट बघून घेतली होती आणि तरीही साहेबांचं एक बोट धरलं होतं.

"नाव काय तुझं?" तिने विचारलं.

साहेबांनी सांगितलं.

"कुठे राहतो?"

"इथंच. शेजारी."

"घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

भोंगाने मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. परिस्थिती वाटली होती त्याहून वाईट होती. "चल लवकर," ती म्हणाली आणि बोट ओढू लागली. "झोपलं की नेत नाहीत. मी रोज तसंच करते."

मग आम्ही जे पाहिलं ते असं. फौजदारसाहेब एका मुलीच्या बोटाला लागून आत गेले आणि भोंगाच्या गादीवर आडवे झाले. गादी त्यांच्या कमरेपर्यंत पुरली. तिने स्वतःचं पांघरूण त्यांच्या पोटावर घातलं आणि कानाशी वाकून सूचना दिली, "डोळे खूप घट्ट नाही मिटायचे. त्यांना कळतं." मग ती दारात येऊन कमरेवर हात ठेवून दोन्ही पोलिसांसमोर उभी राहिली. "झोपला तो. आता जा."

"हो हो, जातो," हवालदार म्हणाला. "पण साहेब... म्हणजे हा उठणार कधी?"

"खाऊच्या वेळेला."

हवालदाराने पुन्हा एकदा कान खाजवला आणि दोघं टाचा उचलून जिना उतरले. सेक्रेटरी झाकण न उचलताच त्यांच्या मागे गेले. इकडे साहेबांनी घोरायला सुरुवात केली. सुरुवातीला मला ते नाटक वाटलं. पण नाटकात माणूस इतका खराखुरा, तोंड उघडं टाकून, शिट्टी घालून घोरत नाही. मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसली आणि आळीपाळीने त्यांना थोपटू लागली. जावईबापूंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः उठून कोणासाठी तरी उशी आणली.

भोंगाची आई त्या दिवशी जरा लवकरच आली. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. काय सांगायला आल्या आहेत ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मावशी, कसं सांगू..." तिने सुरुवात केली आणि तिची नजर हॉलमध्ये गेली. पोपटांच्या शर्टातला भलामोठा देह गादीबाहेर पसरला होता. शेजारच्या पिशवीतला गणवेश कारकुनाने काढून, त्याची नीट घडी घालून ठेवली होती, वर टोपी.

"अगं बाई! हे कोण?"

"पोलीसकाका," कारकून म्हणाला.

आई दचकून लेकीकडे बघायला लागली. भोंगा साहेबांच्या छातीवर हात ठेवून बसली होती. तिने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल ना आई, आत्ताच झोपलाय," ती म्हणाली. "आणि उद्या मला लवकर सोड. याला झोपवायला घरी कोणीच नाही."